वामनभाऊंची थंडी

वामनभाऊ दारात आलेल्या माणसाला पाणी नंतर विचारतात, आधी खर्रा विचारतात. द्यायला नव्हे. "खर्रा खाऊन आले का, गुरुजी?" मी मान खाली घातली की ते नळाकडे बोट दाखवतात. खर्ऱ्यातल्या तंबाखूच्या हातानं मिरचीच्या झाडाला रोग लागतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला ते नाकारताही येत नाही. पण साबणानं दोनदा हात धुतले, तरी माझी खुर्ची कुंड्यांपासून चार हात लांबच. "धुतले, मान्य हाय. पन रिस्क कायले घ्याची?"

हे वाक्य दिवसातून वीसदा तरी ऐकू येतं. आणि हा माणूस लाईनमन होता. बाभुळगावच्या आसपासच्या खेड्यांत भर पावसात खांबावर चढायचा. निवृत्त झाला आणि खांबावर न वाटलेली सगळी भीती जमिनीवर वाटायला लागली. दवाची, मावा किडीची, पानं आकसून टाकणाऱ्या बोकड्या रोगाची, शेजारच्या मांजरीची, माझ्या शिंकेची. वहिनींना जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात ते आणि मिरचीच्या नऊ कुंड्या.

आमच्याकडे मिरची पावसाळ्यात लावतात आणि हंगाम संपला की उपटून टाकतात. वामनभाऊ उपटत नाहीत. थंडी पडायला लागली की झाडं वीतभर ठेवून छाटतात, पाणी कमी करतात, कुंड्यांना पोती गुंडाळतात. सकाळी सातला कुंड्या उन्हात, दुपारी चारला परत घरात. आत त्यांच्यावर ऊब द्यायला पिवळे बल्ब. एक झाड तर चार वर्षांचं, बुंधा अंगठ्याएवढा जाड.

गेल्या पौषात एके दिवशी फार गारठा होता. आठ वाजले तरी शेजारी वामनभाऊंच्या अंगणात एकही कुंडी दिसेना. सुधा, माझी बायको, म्हणाली, "जाऊन पाहा बरं." मी हाका मारल्या. उत्तर नाही. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर बल्ब पेटलेले, वायरी लोंबकळलेल्या आणि कुंड्यांच्या मागून आलेला एक पाय. हलत नव्हता.

मी दाराला हात लावायला गेलो आणि तसाच थांबलो. दार लोखंडी. आत करंट उतरला असेल तर? वामनभाऊ आत पडलेत आणि माझा हात पुढे जात नाही, याची लाज वाटत होती. तरीही जात नव्हता. सुधानं चुलीजवळची वाळकी तुराटी आणून माझ्या हातात दिली. ओसरीतला मेन स्विच त्या काडीनं खाली ओढला. आतला उजेड गेला. मग खांद्यानं दार ढकलत राहिलो, शेवटी कडी निखळली.

शॉक लागला नव्हता. ते जमिनीवर कुशीवर पडले होते, अंग तव्यासारखं तापलेलं, श्वासाची शिट्टी वाजत होती. अंगावर नुसतं पोतं. त्यांची रजई त्या चार वर्षांच्या झाडाभोवती नीट गुंडाळलेली. मी त्यांना उठवायला लागलो, तेव्हा त्यांनी डोळे किलकिले केले.

"लाइट कोनं बंद केला?"

यवतमाळच्या दवाखान्यात ते आठ दिवस होते. छातीत कफ साचला होता. पहिले दोन दिवस डॉक्टर काही धड सांगेनात. इकडे कुंड्या आत-बाहेर करायचं काम माझ्याकडे. तेवढे दिवस मी खर्ऱ्याला शिवलो नाही.

चौथ्या दिवशी ते उठून बसले आणि मला राग आला. मी त्यांना म्हटलं, रोपं काय, दर पावसाळ्यात नवी मिळतात. थंडीची एवढी धास्ती आहे, तर हे झेंगट ठेवता कशाला?



"थंडीची धास्ती कोनाले हाय, गुरुजी? बाकीचं वरीसभर ते अंगनात असते आन् मी घरात असतो. थंडी पडली का चार वाजता सारे आत येते. मंग घर भरल्यावानी वाटते, बोलाले सोबत होते." मग आवाज आणखी खाली आला. "मले होळीची भीती वाटते. ऊन तापलं का बाहेर काढा लागते ना त्याहिले."

मी त्यांच्यासाठी आणलेलं संत्रं सोलत बसलो.

होळी झाली. ऊन चटके द्यायला लागलं. एका दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर पंखा गरगर फिरत होता आणि वामनभाऊ बनियनवर बसून टॉवेलनं मान पुसत होते. नऊच्या नऊ कुंड्या भिंतीशी ओळीनं, पोती अजून गुंडाळलेली. छाटलेल्या खोडांना कोवळी पानं फुटली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुंड्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"अजून गारवा हाय ना, गुरुजी?"

माझा सदरा पाठीला चिकटला होता.

"आहे ना," मी म्हणालो. "राहू द्या अजून थोडे दिवस आतच."