पंचेचाळीस अंशांचा नवरा

बायकोला गोळाफेक शिकवायची, हे मी एका रविवारी दोन चहांच्या मधल्या वेळेत ठरवलं. (माझे आयुष्यातले बहुतेक निर्णय याच वेळेत झालेले आहेत. लग्नाचासुद्धा.)

झालं असं, की आमची प्रेमला लातूरकडच्या मुरुडजवळ एका शाळेत शिक्षिका आहे. शिक्षकांच्या क्रीडा स्पर्धा नांदेडला होणार होत्या, त्याचा फॉर्म तिनं भरून ठेवला होता. खेळाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'गोळाफेक'. मला हसू आलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसानं फार तर कॅरम खेळावा.

प्रेमला मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, की कॉलेजात असताना तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली होती. शिबिर चौदा तारखेला सुरू होणार होतं आणि आमची हळद होती तेराला. एवढं सांगून ती परत मेथी निवडायला लागली.

बावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी विचारलं नव्हतं. मला एकदम अपराधी वाटलं, आणि मला अपराधी वाटलं की मी मदत करायला जातो. घरातले लोक या गोष्टीला फार भितात.

आता माझी लायकी सांगतो. मी लातूरच्या एका खासगी क्लासच्या ऑफिसात क्लार्क आहे. शिक्षण बी.ए., मराठी. पण एकोणीस वर्षं फिजिक्सच्या नोट्सच्या झेरॉक्स मीच काढतो. न्यूटन माझ्या हातून जेवढ्या वेळा गेलाय तेवढ्या एखाद्या प्रोफेसरच्याही गेला नसेल. त्यामुळं खेळ म्हणजे ताकद नव्हे, गतीचे नियम आहेत, हे मला पाठ होतं.

संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर प्रेमलानं शाळेतून आणलेला चार किलोचा गोळा फेकला. बावीस वर्षांनी पहिल्यांदाच. पदर खोचला, गोळा मानेला टेकवला, हुंकार दिला आणि सोडला. टेप लावून पाहिलं तर सव्वासात मीटर. मी म्हणालो, ठीक आहे, पण शास्त्र नाही.

मग मी तिला नियम समजावले. पहिला नियम, स्थिर वस्तू बाहेरून जोर लावल्याशिवाय हलत नाही. हा नियम तिला सोफ्यावरच्या माझ्यामुळं आधीच माहीत होता, असं ती म्हणाली. दुसरा नियम मी घाईनं उरकला, कारण त्यात वस्तुमान येतं आणि बायकोसमोर तो विषय मी काढत नाही. मग आलो मुद्द्यावर. वस्तू सगळ्यात लांब जायची असेल तर ती पंचेचाळीस अंशांतच सुटली पाहिजे. मी जुन्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन तिच्या दंडापाशी उभा राहिलो.

पंचेचाळीस अंशांत गोळा गेला सहा मीटर. दुसऱ्या दिवशी पावणेसहा. आठवड्याभरात आम्ही साडेपाचवर स्थिरावलो. प्रेमला म्हणाली, "अहो, हात लई वर जायलाय. जोरच बसत न्हाई." मी म्हणालो, शास्त्राची सवय व्हायला वेळ लागतो.

शेजारचे नजीरभाई कूलर दुरुस्तीचं काम करतात. भिंतीपलीकडून ते रोज बघायचे. एक दिवस त्यांनी फार अदबीनं विचारलं, की साहेबांनी स्वतः कधी फेकलाय का. हा प्रश्न मला लागला. परदेशातले खेळाडू गोल गिरकी घेऊन गोळा फेकतात, हे मी मोबाईलवर पाहिलेलं होतं. उद्या सकाळी दाखवतो म्हणालो.

सकाळी प्लॉटवर शेजाऱ्यांच्या म्हशी होत्या, म्हणून मी अंगणातच उभा राहिलो. तोंड प्लॉटच्या रिकाम्या कोपऱ्याकडं, पाठ घराकडं. एक गिरकी घ्यायची आणि सोडायचं. पण गिरकी सुरू झाल्यावर ती कुठं थांबवायची, हे व्हिडिओत नव्हतं. दीड गिरकी झाली. गोळा हातातून गेला तेव्हा प्लॉट माझ्या पाठीमागं होता आणि समोर ओट्यावरची आमची पाण्याची टाकी.

इथं सांगितलं पाहिजे, की आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं. ते आदल्याच संध्याकाळी आलं होतं. हजार लिटरची प्लास्टिकची टाकी काठोकाठ भरलेली होती आणि दहा उन्हाळे खाऊन ती पापडासारखी कडक झाली होती. गोळा तिच्या बुडाशी घुसला. मी तिसऱ्या नियमानुसार उलट्या दिशेला गेलो आणि खऱ्या पापडांवर बसलो. प्रेमलानं ते पहाटे उठून वाळत घातले होते.

पाणी फाटकाखालून गल्लीत गेलं. गल्ली बादल्या घेऊन बाहेर आली. सगळे भरत होते. नजीरभाईंनी मला हात देऊन उठवलं, शर्टाला चिकटलेले पापड काढले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्यापुढं न्यूटन पाणी भरंल, असं परवा तुम्हीच बोलले ना? आता त्याला बोलवाच. आठ दिवसांचं भरायचंय."

प्रेमला रागावली नाही. तिनं गोळा पुसला, आत ठेवला आणि नजीरभाईंच्या घरून दोन घागरी आणल्या. तिचा तो शांतपणा मला फार जड गेला. पण प्रशिक्षण मी सोडलं नाही.

नांदेडच्या मैदानावर मी दोरीला खेटून उभा राहिलो. प्रत्येकीला तीन फेकी. प्रेमलानं पहिली फेकली, पाच मीटर साठ. दुसऱ्या वेळी तिनं गोळा मानेला लावला आणि मी आठवण म्हणून "पंचेचाळीस" असं ओरडलो. तिनं दचकून वर्तुळाबाहेर पाय टाकला. फाऊल. देगलूरच्या बिलकीस मॅडम सात मीटर साठवर होत्या. गेली तीन वर्षं पहिला नंबर त्यांचाच.

प्रेमला माझ्याकडं आली. डोळे भरल्यासारखे वाटले, पण आवाज साधा होता. "अहो, गेटबाहेर उसाचा रस मिळतोय. तेवढा घेऊन या. सावकाश आणा. आलं टाकून."

बावीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं. मी निघालो. गेटपाशी मात्र राहवलं नाही, भिंतीवरून डोकावलो. तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या, आकाशाकडं पाहिलंच नाही, सरळ समोर पाहिलं आणि त्या रविवारसारखाच हुंकार दिला. हात पंचेचाळिसाच्या बराच खाली होता. सात मीटर नव्वद. मी एकटाच रसवंतीसमोर टाळ्या वाजवत होतो. रसवाल्याला वाटलं, घाई करतोय.

(लातूरला परतल्यावर ऑफिसातल्या मूळ नोट्स काढून बघितल्या. गोळा खांद्याच्या उंचीवरून सुटतो, म्हणून त्याचा कोन पंचेचाळिसापेक्षा कमी हवा, असं पान चौदावर तळाला छापलेलं आहे. माझ्या झेरॉक्समध्ये ती ओळ कापली गेली होती. एकोणीस वर्षं.)

बक्षीस घेऊन प्रेमला आली तेव्हा मी तिच्या हातात ग्लास दिला. तिनं अर्धा पिऊन अर्धा मला दिला. मला वाटलं, विद्यापीठाच्या संघाचं थोडं तरी फिटलं असावं. तेवढ्यात बिलकीस मॅडम आल्या. त्यांनी प्रेमलाचं अभिनंदन केलं, आणि मग माझ्याकडं वळून अगदी मनापासून म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षीही मॅडमना तुम्हीच शिकवा. दुसऱ्या कुणाकडं देऊ नका."

मी संकोचून मान डोलावली. कुणीतरी कदर केली म्हणायची.

"आणि स्पर्धेच्या दिवशी मैदान सोडून कुठं जाऊ नका," त्या म्हणाल्या. "रस मी आणून देते."