नागोराव मास्तरांचा काश्मिरी कांदा

मंगरूळच्या आमच्या गल्लीतल्या विहिरीत उन्हाळ्यात दोन दोर सोडलेले असत. एक पाणी काढायचा. दुसऱ्याला एक मडकं बांधलेलं, तोंड मातीनं लिंपलेलं, आणि ते पाण्याच्या थोडं वर लोंबकळत राही. गल्लीत नवी सून आली की तिची बादली हटकून त्या मडक्यावर आदळायची आणि समोरच्या घरातून आवाज यायचा, "हळू वो बाई! आत झोपले हायेत!" बिचारी घागर तिथंच टाकून घरी पळायची. आत कोण झोपलंय ते तिला सासू सांगायची. "काई नाई वो, नागोराव मास्तरचे कांदे हायेत."

नागोराव मास्तर आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि मी गणित. आमची घरं भिंतीला भिंत लागून होती, त्यामुळे या माणसाचा मला शाळेत आणि घरी असा दोन्हीकडे सहवास घडला. उंच अंग, बंद गळ्याचा कोट, डोक्याला फेटा, आणि कोटाच्या खिशात शिशाचा ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला बांधून सोडतात, तो. ड्रॉइंग मास्तरला त्याचं काय काम, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते तो काढून तुमच्याच दाराच्या चौकटीला लावत, आणि चौकट कुठं कलली आहे ते तुम्हाला आयुष्यभरासाठी दाखवून देत.

"लाइन सरळ पायजे," हे त्यांचं पालुपद. पोरांचा भांग, हेडमास्तरांच्या धोतराच्या निऱ्या, शाळेपुढच्या झेंडूची रांग, सगळ्यांवर त्यांची नजर. एकदा माझ्या घरी जेवायला बसले असताना माझ्या बायकोची भाकर हातात धरून म्हणाले, "चव लय झ्याक हाये वहिनी. पण गोल नाई हे. लंबगोल हाये." पुढं कितीतरी दिवस आमच्या घरी भाकरी थापताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणं ऐकू येई.

वेणू लहान असतानाच त्यांची बायको गेली. वेणू म्हणजे त्यांची एकुलती लेक. तिची वेणीफणी मास्तर स्वतः करत. साऱ्या मंगरुळात तिच्याइतका सरळ भांग दुसऱ्या पोरीचा नव्हता.

आता कांद्याविषयी. ड्रॉइंगच्या परीक्षेला नक्षी काढावी लागे आणि त्या नक्षीत एक फूल नेमानं येई. ट्युलिप. पेल्यासारखं फूल, खाली देठ, दोन बाजूंना दोन लांब पानं. पोरं माना खाली घालून ते काढत आणि मास्तर तांबड्या पेन्सिलीनं त्याची कड सुधारत. एके दिवशी एका पोरानं विचारलं, "मास्तर, हे फूल तुमी पाह्यलं काय?"

मास्तर घरी येऊन माझ्या ओट्यावर बसले. "भाऊ, जे पाह्यलं नाई ते मी एवढी वर्षं दुरुस्त करून राह्यलो!"

हिवाळ्यात मंगरुळात एक काश्मिरी शालवाला येई. मास्तरांनी त्याच्याकडून कधी शाल घेतली नाही, पण त्याला ओट्यावर बसवून काश्मीरच्या फुलांची चौकशी मात्र केली. पुढच्या हिवाळ्यात तो गठ्ठ्याच्या कोपऱ्यात बांधून ओंजळभर कंद घेऊन आला. दिसायला थेट कांदे, तपकिरी सालीचे. "मास्टरजी, मिट्टी में दबाओ, पानी दो, बाकी ऊपरवाले पे छोड़ दो," असं सांगून तो कारंज्याच्या वाटेला लागला. पहिल्या दोन गोष्टी मास्तरांना पटल्या. तिसरीवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. कुंड्या ओल्या गोणपाटानं गुंडाळल्या, दुपारच्या उन्हाला चटई आडवी लावली, आणि संक्रांतीच्या सुमाराला मातीतून हिरवी चोच वर आली.

वेणूचं नुकतंच लग्न झालं होतं. तिचे सासरे, किन्हीराजाचे यादवराव पाटील, म्हणजे बरी शेतीवाडी असलेलं घर. संक्रांतीला ती माहेरी आली होती. बापलेक सकाळी उठले की आधी कुंड्यांपाशी बसत, आणि फूल गेल्यावर पानं कशी राखायची, पाणी कधी तोडायचं ते बाप लेकीला सांगे. पानांच्या मधून कळी वर आली, तिच्या टोकाला लाली चढली, आणि नेमकी त्याच दिवशी किन्हीराजाची गाडी वेणूला न्यायला दारात उभी राहिली.

"दोन दिस थांबा न," मास्तर गाडीवानाला म्हणाले. "फूल उमलून राह्यलं."

गाडीवानाला असलं कारण कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं बैलं जुंपली. वेणू गाडीत बसली. "उमललं का मले बोलवा, बाबा."

"बोलावतो."

फूल उमललं. तांबडंभडक, आत पिवळा टिळा. सारं गाव बघून गेलं. मास्तरांनी किन्हीराजाला निरोप धाडला. तिकडून निरोप आला की कापसाची वेचणी चालू आहे, आत्ता धाडता येत नाही. मास्तर म्हणाले, "बरं. पुढच्या साली."

आम्हाला वाटलं, फूल गळलं, खेळ संपला. पण मास्तरांचा खेळ तिथून सुरू झाला. फुलाचा दांडा त्यांनी कापला, कारण तो राहिला तर कंदाचा जीव बियांत जातो. पानांना मात्र कुणाला बोट लावू देईनात. पानं पिवळी पडली, लोळली, कुंडी एखाद्या उजाड घरासारखी दिसायला लागली, तरी ती ओट्यावर मधोमध. आल्यागेल्याला ते कौतुकानं ती पिवळी पानं दाखवत.

"मेलं की हो हे," हेडमास्तर म्हणाले.

"मेलं नाई साहेब. पानं कांद्याले जेवू घालून राह्यले. त्याचं पोट भरलं का मंग ते वाळतील."

पानं पुरती पिवळी झाली की पाणी बंद. वाळली की कंद उकरायचे, सावलीत सुकवायचे, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे, कोरड्या वाळूत घालून मडक्यात भरायचे आणि विहिरीच्या गारव्यात सोडायचे. यातलं निम्मं त्या शालवाल्यानं सांगितलेलं आणि निम्मं मास्तरांच्या डोक्यातलं. कुंड्यांना खत हवं म्हणून ते रस्त्यावरून जाणाऱ्या शेळ्यांच्या मागं सुपली घेऊन हिंडत. ड्रॉइंग मास्तर शेळीच्या मागं लागले आहेत हे दृश्य पोरांना वर्गात पुरत असे.

त्याच उन्हाळ्यात यादवराव पाटलांनी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला आम्हा दोघांनाही बोलावलं. पंगत उठली होती, पाच गावचे पाहुणे पान खात बसले होते. पाटील कौतुकानं व्याह्यांना घर दाखवत होते. समोरच्या भिंतीपाशी मास्तर थांबले. एक डोळा मिटला. मी त्यांचा कोट मागून ओढला, पण तोवर हात खिशात गेला होता.

"पाटील, भिंत तिरपी हाये."

पाटील हसले. "काय थट्टा करता मास्तर!"

"थट्टा नाई. हे पाहा न." आणि त्यांनी पाच गावच्या पाहुण्यांसमोर ओळंबा सोडला. भिंत तिरपी होती. वरून चांगली दोन बोटं बाहेर आली होती. कुणीतरी हसलं. पाटलांचा चेहरा रंगलेल्या पानासारखा लाल झाला.

त्यानंतर वेणूचं माहेरी येणं बंद झालं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी मास्तरांना म्हणालो, "जाऊन दोन शब्द गोड बोला. पोरीसाठी बोला."

"काहून बोलू? भिंत तिरपी हाये त मी काय करू?"

"माणूस मोठा का भिंत?"

मास्तर उठून घरात गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मलाही काढू दिला नाही. वेणूला मुलगी झाल्याचं आम्हाला बाजारात कुणाकडून तरी कळलं. त्या दिवशी ते वर्गात फळ्याकडं तोंड करून बराच वेळ उभे होते, आणि फळ्यावर रेघ एकही नव्हती.

कांद्यांचं चालूच होतं. दरसाल मडकं विहिरीत, दरसाल कुंड्या ओट्यावर. पण फूल येईना. नुसती पानं येत, तीही दरसाल आखूड. कंद फुटून बारीक होत चालले, लसणाएवढे. शालवाला पुन्हा आलाच नाही. त्यातच स्वयंपाकाला येणाऱ्या यमुनामावशींनी पुसून ठेवलेल्यांतले चार चिरून पिठल्यात घातले. मास्तरांनी जेवता जेवता विचारलं, "आज पिठलं गोड काहून लागते?" मावशींनी सांगितलं तेव्हा हातातला घास त्यांनी खाली ठेवला. चिडले नाहीत. उरलेले कंद उचलून उशाशी नेऊन ठेवले, बस्स. गावानं मात्र ही गोष्ट वर्षभर पुरवली. त्यांना पाहिलं की कुणीतरी विचारायचं, "मास्तर, काश्मिरी कांदा कसा हाये?"

"झोपला हाये," मास्तर म्हणत.

मग एका हिवाळ्यात अशी थंडी पडली की शेतातल्या तुरी करपल्या. लोक डोक्याला हात लावून बसले होते. त्या गावात एकच माणूस रोज पहाटे थंडी मोजत असल्यासारखा कुंडीपाशी उभा राही, आणि कुणी दिसलं की चोरी पकडल्यासारखी मान खाली घाली. त्याच थंडीच्या जोरावर एका कुंडीत, फक्त एकाच कुंडीत, कळी धरली होती.

कळीला रंग आला त्या दिवशी मास्तर माझ्या दारात आले. फेटा नवा बांधलेला.

"भाऊ, गाडी सांगता का? किन्हीराजाले जाऊ."

आम्ही पहाटे निघालो. कुंडी मास्तरांच्या मांडीवर, कुंडीवर छत्री, मास्तर उन्हात. चाक दगडावर चढलं की ते कुंडी दोन्ही हातांनी वर उचलून धरत. "पेशंट हाये काय मास्तर?" गाडीवानानं विचारलं. मास्तर म्हणाले, "हळू हाक बाप्पा." दुपारच्या उन्हानं कळी उमलली, मग फार उमलली, पाकळ्या ताटलीसारख्या पसरल्या. अर्धी वाट ओलांडल्यावर एक पाकळी गळली. मास्तरांनी ती उचलून फेट्यात खोचली. किन्हीराजाच्या शिवारात शिरलो तेव्हा झाडावर दोनच पाकळ्या उरल्या होत्या.

पाटील ओट्यावर बसले होते. उठले नाहीत.

"काय मास्तर, भिंत पाह्याले आले काय?"

मास्तर कुंडी छातीशी धरून अंगणात उभे राहिले. समोरच ती भिंत होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मी त्या माणसाला बरीच वर्षं ओळखत होतो. त्या घटकेला मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"भिंत सरळ हाये पाटील," ते म्हणाले. "माहीच नजर तिरपी होती."

पाटील वरमले. माणूस वाईट नव्हता. उठले, हात धरून मास्तरांना ओट्यावर घेतलं, आत पाहून चहाला सांगितलं.

चहा वेणूनंच आणला. अंगानं वाळली होती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, मागं दारात सासू उभी, आणि सासूच्या लुगड्याला धरून एक लहान पोर आमच्याकडं बघत होती. मास्तर तिला बोलवायला हात पुढं करणार, तोच ती आत पळाली.

"हे आणलं तुह्यासाठी," मास्तर कुंडी पुढं सरकवत म्हणाले. "ते फूल. आठवते न?"

वेणूनं कुंडीकडं पाहिलं. मग सासूकडं. "कोणतं फूल, बाबा?"

"ते... संक्रांतीले. तू होतीस न."

"मले नाई आठवत," ती म्हणाली आणि रिकामे कप उचलायला लागली.

मास्तर हसले. "नाई आठवत त नाई. सहज आणलं."

पुढं पाटलांनी वेणूला माहेरी धाडलं, पण एकदाच. मास्तर तापात पडून माणसं ओळखेनासे झाले होते तेव्हा. ती आली, चार दिवस उशाशी बसली, आणि पाचव्या दिवशी सारं आटोपलं. जो काही निरोप बापलेकीत व्हायचा, तो त्या किन्हीराजाच्या दुपारीच होऊन गेला होता.

त्या दिवशी पाटलांकडं जेवण झालं, उन्हं उतरली. कुंडी ओट्यावरच ठेवून आम्ही निघालो. वेणू वाटेसाठी पाण्याचा तांब्या द्यायला गाडीपाशी आली. सासू ओट्यावरच होती. तांब्या बापाच्या हाती देताना वेणू खाली वाकली, पदर तोंडाशी आला, आणि त्या पदराआडून ती इतकं हळू बोलली की मी जवळ नसतो तर मलाही ऐकू आलं नसतं.

"पानं पुरी पिवळी झाल्यावरच पाणी बंद कराचं न, बाबा?"

मास्तरांनी मान हलवली. बैलं चालायला लागली.

गाव मागं पडेपर्यंत ते ताठ बसून होते. मग फेटा सोडला, त्यातली पाकळी तळहातावर घेतली, आणि फेट्याचं टोक तोंडावर ओढून घेतलं.

"ऊन लय लागून राह्यलं, भाऊ," ते आतून म्हणाले.

सूर्य केव्हाच टेकडीआड गेला होता. मी छत्री उघडली आणि घरी पोचेपर्यंत त्यांच्यावर धरून बसलो.