ओट्यावरून चालणारा टीव्ही

आमचे शेजारी मधुकरराव टीव्ही बघत नाहीत, चालवतात. संध्याकाळी ते घराबाहेरच्या ओट्यावर टीव्हीकडे पाठ करून बसतात. टीव्ही आतल्या खोलीत, मधे भिंत आणि यांच्या मांडीवर मुलाने पाठवलेला टॅब. त्यावर बोट फिरलं की आतल्या बातम्या थांबून मालिका लागते आणि यांच्या चेहऱ्यावर मोठी कामगिरी फत्ते केल्याचं समाधान पसरतं.

मेहकरच्या या गल्लीत आम्ही भाड्याने राहायला आलो, त्याच आठवड्यात मी न राहवून विचारलं, "काका, आत बसून का नाही बघत?"

"मले काय पाह्यचं हाय त्याच्यात?" ते म्हणाले. "गाडी टायमावर सुटली म्हंजे झालं."

त्यांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, भाषा सुटली नाही. त्यांच्या लेखी बातम्या म्हणजे हात दाखवला तिथं थांबणारी साधी गाडी. जाहिरात लागली की म्हणणार, "थांबा हाय, च्या घेऊन घ्या." क्रिकेटवर मात्र भरवसा नाही. "कवा पोचन, काही नेम नाही."

आम्ही नवीन म्हणून त्यांनी आम्हाला स्वतःचं वायफायही दिलं होतं; आमचा टीव्हीही त्यावरच चालायचा. एका संध्याकाळी आमची आई मालिका बघत होती. सून सासूला खरं काय ते सांगणार, इतक्यात पडद्यावर कीर्तनकार उभे राहिले. आईने मालिका परत लावली, महाराज परत आले. पुढच्या खेपेला तिने सरळ हात जोडले. मी बाहेर आलो, तर मधुकरराव टॅबला दटावत होते, "जाय ना बे, काऊन अडून राह्यली?" त्यांची गाडी आमच्या फलाटावर लागली होती.

त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्यांना माणसांची आवड नसावी, असा आमचा समज.

गेल्या महिन्यात मधुकरराव आमच्या अंगणात चहा घेत बसले होते. बोलता बोलता त्यांनी टॅबकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"टीव्ही बंद झाला."

"लाइट गेली असेल," मी म्हणालो.

"तुमच्याकडं हाय ना?"

आमचा पंखा फिरत होता. ते अनवाणीच धावत सुटले. मीही मागे गेलो.

आत सुमनकाकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे, चेहरा शांत. मांडीवर जुना रिमोट आणि त्यावर उजवा हात.

"मीच केला बंद," त्या सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. "डोकं दुखून राह्यलं. केव्हाची म्हणून राह्यली, बंद करा. कोणी ऐकाले हाय का घरात?"

मधुकरराव दाराची चौकट धरून उभे होते. धाप लागली होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लकव्यानं हा हात गेला होता हिचा. बटन दबे ना म्हणून रडे. मी समोर बसून लावून देऊ, तर म्हणे, माह्यापायी तुमी घरात अडकून पडले. म्हून बाहीर बसून लावत होतो."

"त्यांले काय सांगता?" काकू म्हणाल्या. "पाणी द्या मले."

त्यांनी पाणी दिलं. मग पलंगाच्या कडेवर टेकून म्हणाले, "सुमन, अजून एकडाव दाब बरं."

काकूंनी अंगठा रेटला. टीव्ही लागला.

"आता बंद कर."

झाला.

मी निघालो. अंगणात पोचेपर्यंत मागे टीव्ही लागत होता, बंद होत होता, आणि मधे मधे मधुकररावांचं हसू ऐकू येत होतं.