तांबटांच्या स्वतंत्र गडाची हकिगत

श्रीहातोडी प्रसन्न. आज्ञा कोणाची नाही, पुसणारही कोणी नाही. परंतु झाल्या गोष्टीविषयी खोटे सांगत हिंडणारे बहुत जाहले, म्हणोन खरे लिहून ठेवणे प्राप्त झाले.

शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मास. ते समयी एक तांबटांचे राज्य होते. राज्य म्हणजे काय, तर एक बोळ आणि बोळात भट्ट्या, आणि सकाळपासून तांब्यावर हातोडी पडे तोच चौघडा. गादीवर भिवाजी नाईक होते. जन्म हातोडीच्या आवाजात गेला म्हणोन कानांनी अधू, परंतु जबान शाबूत. त्यांचे चिरंजीव येसाजी अकाली निवर्तले, आणि मग कारभार सूनबाई सगुणाबाई यांचे शिरी आला. राज्याचा माल विके तो पातशहाच्या बाजारात. पातशहा म्हणजे मोबाइलमधले थोरले दुकान. त्यास तोंड नाही, डोळे नाहीत, नुसते पोट. तो प्रत्येक हंड्यामागे चौथाई खाई, आणि वर हंड्याच्या बुडाशी नाईकांचा शिक्का असे तो घासून काढवी आणि आपले नाव चिकटवी. बाईंनी पातशहाच्या वकिलास फोन लाविला.

"शिक्का का काढायचा?"

"ताई, पॉलिसी आहे."

"पॉलिसी कोणाची?"

"कंपनीची, ताई."

"आणि हंडा कोणाचा?"

वकिलाने फोन ठेविला. तेव्हा बाईंच्या मस्तकात तिडीक गेली आणि त्यांनी मनी धरिले की आपला गड आपणच बांधावा, म्हणजे आपली वेबसाइट, आपल्याच घरच्या यंत्रावर, आपल्या शिक्क्यानिशी. मग शिकविण्यास गुरू नाही, तो व्हिडिओ पाहून शिकल्या. आणि जुना कॉम्प्युटर आणोन भट्टीच्या कोपऱ्यात सर्व्हर म्हणोन बसविला. आणि हंडे खिडकीच्या उजेडात मांडून फोटो काढिले. आणि पैसे येण्याची वाट उघडावी म्हणोन बँकेत इतके हेलपाटे घातले की चपला झिजल्या. ती कॉम्प्युटरची पेटी म्हणजे गडाचा दरवाजा. पेटी चालू तोवर दुकान उघडे. पेटी बंद, तर जगात दुकानच नाही. कारागीर हसत, "लाइट गेली की बाईंचा गड पडतो!" बाईंनी लाइट गेली तर असावी म्हणोन बॅटरीही जोडिली. मामंजी, म्हणजे भिवाजी नाईक, मात्र रोज पेटीवर हात ठेवोन पुसत, "सूनबाई, ही दिवसभर घूं घूं करते, एक वाटी तरी ठोकते का?"

"गिऱ्हाईक आणते, मामंजी."

"गिऱ्हाईक पायांनी येतं."

हे शब्द बाईंस भट्टीच्या ठिणगीपरी लागत. परंतु गड उभा राहिला, ऑर्डरी येऊ लागल्या, आणि मग बाईंनी पातशहाचा बाजार सोडिला. पुढे सर्वत्र जाहिरात दिली की खंडेनवमीस थोरली विक्री, दसऱ्यास घरोघरी नाईकांचा हंडा. दिवस तोच का धरिला? तर त्या दिवशी हातोड्या पूजेत, भट्ट्या थंड, माणसे मोकळी. राज्याचा रिवाज ऐसा की पूजेत मांडिले ते हत्यार दसऱ्याचे सोने लुटून येईतो हलवायचे नाही. पेटी हत्यार नव्हे, म्हणोन बाई निर्धास्त होत्या.

खंडेनवमीची सकाळ झाली. मामंजींनी हातोड्या धुऊन पाटावर मांडिल्या, येसाजींची हातोडी मधोमध, जिला ते गेल्यापासून कोणी बोट लाविले नव्हते. मग मामंजींनी आपल्या हाते ती किंचित सरकविली, शेजारी जागा केली, आणि म्हणाले, "सूनबाई, ती पेटी आण."

"पेटी?"

"येसाशेजारी मांड. घराचं हत्यार आहे ते."

हा एक शब्द ऐकण्यास त्या इतके दिवस खपल्या होत्या. तरी बोलल्या, "चालू आहे हो ती, मामंजी."

"चालतं हत्यार पूजेत बसतं का, वेडे?"

आज विक्री आहे, हे ओठांशी आले आणि ओठांशीच राहिले. बाईंनी स्वहस्ते लाइटीची आणि बॅटरीची वायर काढिली. घूं घूं थांबली. मामंजींनी कुंकू लाविले, झेंडू वाहिला, आणि काल हसत होते त्या कारागिरांनी हात जोडिले. आणि मग फोन वाजू लागला. साइट उघडत नाही. फसवणूक दिसते. पोलिसांत जाऊ. बाईंनी फोन पालथा घातला. एकदा उठून वायरीस हातही लाविला, तो मामंजी पाटासमोर माळ घेऊन बसलेले, म्हणाले, "आता नाही उठवायचं." पातशहा टपलेलाच होता. त्याने त्याच दिवशी यंत्रावर दाबलेले, ठोके पाडल्याचे सोंग आणलेले हंडे आपल्या बाजारात मांडिले, आणि माघारी फिरलेले गिऱ्हाईक सगळे गिळिले. दसऱ्यास सोने लुटून आल्यावर पेटी जोडिली, दरवाजा उघडिला. आत येण्यास कोणी नाही. बुडवे दुकान ऐसा डाग लागला तो पुसेना. मग एकेक भट्टी विझली, कारागीर गाव सोडून गेले, आणि शेवटी बाईंनीच वकिलास फोन केला. तो म्हणाला, "या की ताई. शिक्का मात्र भांड्यावर मारायचाच नाही." बाईंनी रुकार दिला.

मामंजींनी शिक्का फडक्यात गुंडाळिला आणि पुसिले, "त्या दिवशी विक्री होती, बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर चालू ठेवू दिली असती?"

मामंजींनी फडक्यास गाठ मारिली. मग म्हणाले, "नाही."

"आणि मी तरी कशी बोलणार? तुम्ही हत्यार म्हणालात."

पुढील खंडेनवमीस पेटी पुन्हा येसाजींच्या हातोडीशेजारी मांडिली. बंद करावी लागली नाही.

तात्पर्य, पातशहाने तोफ डागिली नाही, शिडी लाविली नाही. तो चोर होता आणि चोरच आहे. परंतु दरवाजा घरच्यांनी मानपानाने लाविला आणि वर फूल ठेविले. बाईची चूक म्हणोन आज जे बोळात बोंबलतात, त्यांनी त्या सकाळी आपलेही हात जोडले होते की नाही, हे आधी सांगावे. तांबटांचे राज्य येणेप्रमाणे गेले. लेखनसीमा.