दिवेलागणीनंतर तोंड बंद

“आजपासून दिवेलागणीनंतर तोंड बंद!” अनुष्काच्या हातातली चकली काढून घेत हर्षवर्धनने जाहीर केलं. तिला सहावा महिना होता. बोळिंजच्या त्या फ्लॅटमध्ये पोट बायकोचं वाढत होतं आणि ज्ञान नवऱ्याचं. ताजं ज्ञान असं, की आईच्या जेवणाच्या वेळा बिघडल्या तर आतड्यातले जंतू बिघडतात आणि बाळाच्या मेंदूला सूज येते.

“तुझ्या वेळी मी हवं तेव्हा खात होते,” त्याची आई वसुंधराबाई म्हणाल्या. “म्हणूनच तुझं हे असं झालं काय रे?”

घोडं अडलं ते शेजारणींपाशी. गरोदर बाईसाठी आलेला डबा परत पाठवायचा नाही, टाकायचा तर नाहीच, ही वसुंधराबाईंची शिस्त. आणि शेजारणी नोकरीवरून येऊन रांधणार, म्हणजे डबा पोचेतो दिवे लागलेलेच. समोरच्या क्लेमेंटीनबाईंनी गरम फुगे आणले. नारळाचं दूध घालून तळलेले ते टम्म गोळे पाहून अनुष्काच्या डोळ्यांत पाणी आलं.

“उद्या खाईल ती,” हर्षवर्धन म्हणाला.

“उद्या ते कुत्र्याला फेकून मारायच्या कामाचे!” क्लेमेंटीनबाई भडकल्या. “आमचा ईस्टरआधीचा उपाससुद्धा चाळीस दिवसांनी सुटतो रे बाबा. हिचा कधी?”

अखेर बाळाच्या वाटचं बापाने खावं, असा तोडगा हर्षवर्धननेच काढला. निव्वळ त्याग! फुग्यांमागून अळूवड्या आल्या, मग पुरणपोळ्या. डबा चाटूनपुसून परत आला की शेजारणींना वाटे, पोरीला आवडलं; दुसऱ्या खेपेला दुप्पट येई. त्याग अंगी लागू लागला.

पुढच्या तपासणीला अनुष्का ठणठणीत निघाली. बाजूला हर्षवर्धन छाती चोळत ढेकरा देत होता. त्याने पुढे केलेला जेवणाच्या वेळांवरचा लेख डॉक्टरीणबाईंनी वाचला.

“वेळेवर जेवावं हे खरंच. पण हा अभ्यास उंदरांवरचा आहे. माणसांचं अजून ठरायचंय. हिला भूक लागली की खाऊ द्या. बिघडल्यात त्या तुमच्या वेळा. दिवेलागणीनंतर तुम्हीच काही खाऊ नका.”

“म्हणजे मेल्या, माझ्या सुनेला उंदरांच्या पंगतीला बसवलंस?” सोबत आलेल्या वसुंधराबाई कडाडल्या.

त्या संध्याकाळी पुन्हा फुगे आले. पहिला अनुष्काने दारातच तोंडात टाकला. सवयीने हर्षवर्धनचाही हात डब्याकडे गेला.

“हर्ष, दिवे लागलेत,” ती भरल्या तोंडाने म्हणाली.

“चाळीस दिवसांनी ये रे बाबा,” क्लेमेंटीनबाईंनी डबा त्याच्यापासून लांब धरला.

हर्षवर्धन भिंतीपाशी गेला आणि त्याने दिव्याचं बटण बंद केलं.