खुळखुळणारी करवत

लोखंड कापायच्या करवतींविषयी मी जितका विचार केला आहे, तितका फार थोड्या पदवीधरांनी केला असेल. म्हणूनच सासऱ्यांच्या कपाटाची किल्ली सापडेना, आत बायकोची प्रमाणपत्रं अडकली आणि अकराला तिची मुलाखत होती, तेव्हा मी अजिबात डगमगलो नाही.

सासरे निवृत्त फिटर. किल्ली त्यांनीच सुरक्षित जागी ठेवली होती. जागा तेवढी विसरले होते. ते माळा धुंडाळत राहिले आणि मी त्यांच्या दोन करवती पलंगावर शेजारी शेजारी निजवल्या.

एकीची फ्रेम अखंड, मूठ पोकळ नळीची. दुसरीची फ्रेम सरकती, पात्याच्या लांबीनुसार कमीजास्त होणारी. दोन्हींत पातं दोन खुंट्यांना अडकवून पंखांच्या नटाने ताणायचं. ताणलेलं पातं छेडलं की त्यातून एक उदास स्वर निघतो. अखंड फ्रेमच्या मुठीतून मात्र नुसती खुळखुळ. असली ढिली रचना मला पटेना. मी सरकती निवडली.

दहा वाजले. सुरुवात कधी होणार, असं बायकोने दारातून विचारलं.

बाहेरून कापताना करवत सटकली, तर कपाटावर ओरखडा उठणार. म्हणून मी पातं आधी कुलपाच्या कडीतून ओवलं, मग फ्रेमला जोडलं आणि नट जिवाच्या आकांताने आवळला. दहा मिनिटं घाम गाळला. कडी चांदीसारखी उजळली. तुटली मात्र नाही.

“कापतोयस की पॉलिश करतोयस?” बायको वाकून बघत म्हणाली. “दात खाली आहेत. वर कडीला नुसती पाठ घासतेय.”

पातं उलटवायला गेलो, तर नट जागचा हलेना. मघाशी कपाटाला फक्त कुलूप होतं. आता कुलपाला करवतही होती. बायको घड्याळाकडे न पाहता माझ्याकडे पाहू लागली.

सासरे आले. लोंबणारी करवत त्यांनी चहूबाजूंनी न्याहाळली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी जोडणी पाहिली नाही, असं ते बऱ्याच आदराने म्हणाले.

“पण जावईबापू, ती दुसरी का नाही घेतलीत?”

“तिच्यात दोष आहे. मूठ खुळखुळते.”

सासरे थबकले. मग त्यांनी अखंड करवत उचलली, मुठीचं टोपण फिरवलं आणि ती तळहातावर उपडी केली. किल्ली!

कपाट उघडलं, फाइल उचलून बायको धावली. माझं कुतूहल तरीही शमेना. दोन्हींत सरस रचना कोणती, असं मी विचारलं.

“दोन्ही चांगल्या,” किल्ली पुन्हा मुठीत टाकत सासरे म्हणाले. “फक्त कुलूप असलं, की ही जरा लवकर कापते.”