मैनाबाईचा मिक्सर

रश्मीनं सासऱ्यांना न विचारता मिक्सर दुरुस्तीला नेला आणि इथूनच सगळं बिघडलं. तिचा हेतू चांगला होता. मिक्सर लावला की स्वयंपाकघरात असा खडखडाट व्हायचा की शेजारची मांजर भिंतीवरून खाली उडी टाकायची. त्या रविवारी अकोल्यातल्या त्यांच्या वस्तीत, विहाराच्या सभागृहात दुरुस्ती मेळावा होता. ‘फेकू नका, घेऊन या’ अशी पाटी लावून कॉलनीतली हौशी मंडळी लोकांच्या इस्त्र्या, पंखे फुकटात नीट करून देत होती. अशी संधी वाया कोण घालवणार?

सासूबाई मैनाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून सासरे पुंजाजी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे राहत. कितीही बोलवा, “भूक नाई,” एवढंच उत्तर. मात्र मिक्सर खडखडला की कुणी न बोलावता ताटावर येऊन बसत. चटणीच्या वासानं येतात, अशी रश्मीची समजूत होती.

मेळाव्यात मिक्सर चंद्रभानच्या वाट्याला आला. हा गडी निवृत्त वायरमन. नेमकी लाइन गेली होती, म्हणून चालवून न पाहताच त्यानं मिक्सर खोलला, तेलपाणी केलं, भांड्याखालचं रबर बदललं. लाइन आल्यावर बटण दाबलं, तर मिक्सर गुपचूप फिरायला लागला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन रश्मीनं तो बैठकीतल्या टेबलावर ठेवला आणि हौसेनं सुरू केला. “पाहा मामाजी, आवाज गेला!”

पुंजाजींनी मान तिरपी करून ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. “हा आपला मिक्सर नोय.”

“आपलाच हाय, मामाजी. भांड्यावरचं नाव पाहा ना.”

भांड्यावर ‘मैना, हिवरखेड’ असं कोरलेलं होतं. सासरचं नाव घातलं तर नणंदा उचलून नेतील, म्हणून मैनाबाईनं मुद्दाम माहेरचं गाव घातलं होतं.

“भांडं तिचंच हाय. खालची मशीन बदलली कोणंतरी,” म्हणत पुंजाजींनी चपला घातल्या. मिक्सर काखेत मारून ते तडक मेळाव्यात निघाले. रश्मी मागोमाग.

“माहा मिक्सर कुठी हाय?” त्यांनी दारातूनच विचारलं.

चंद्रभानला हे फार लागलं. “काका, मिक्सर बदलून मले काय करा लागते?”

“मंग त्याचा आवाज कुठी गेला?”

“म्या काहाडला!”

“तुले कोणं सांगतलं काहाडाले?”

‘बदलला’ हा शब्द सभागृहभर पसरला. जठारपेठेहून आलेल्या कुंदाताईंनी आपली इस्त्री उलटीसुलटी करून पाहिली. “माझी एवढी चकचकीत नव्हती हो!” एका गृहस्थाला पंख्याची पाती परकी वाटू लागली. सकाळी ज्या वस्तू भंगारात द्यायच्या होत्या, त्यांच्यावरून आता हातघाईची वेळ आली.

तेवढ्यात पुंजाजी खुर्चीत बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “तो आवाज आला का वाटे, ती आत हाय. जेवाले बलावून राहिली.”

कुंदाताईंनी इस्त्री खाली ठेवली. रश्मीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वर्षभर ती त्याच आवाजाला वैतागत होती.

चंद्रभाननं गंभीरपणे बाह्या सरसावल्या. “आणा काका. बिघडवून देतो.”

मग सभागृहातले सगळे जाणकार मिक्सर बिघडवायला जुंपले. जुनं रबर परत बसवलं. स्क्रू ढिले केले. कुणी बुडाखाली चमचा सरकवला. दरवेळी पुंजाजी डोळे मिटून ऐकत आणि मान हलवत. “नाई बाप्पा. तिचा जराक किणकिणे.” सकाळपासून भल्याभल्या वस्तू दुरुस्त करणाऱ्यांना एक मिक्सर धड बिघडवता येईना. शेवटी स्क्रू पुन्हा आवळून, मान खाली घालून चंद्रभान स्वतः तो घरी पोचवायला आला.

जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. पुंजाजी बैठकीत भिंतीकडे तोंड करून बसले. रश्मीला काय करावं सुचेना. निदान चटणी तरी करावी म्हणून तिनं मिक्सर स्वयंपाकघरात नेला, ओट्यावरच्या नेहमीच्या जागी ठेवला, शेंगदाणे आणि मिरच्या टाकल्या, झाकण दाबून बटण फिरवलं.

खडखडखडखड! ओटा हादरला, मांडणीतल्या ताटल्या किणकिणल्या, शेजारच्या मांजरीनं उडी टाकली.

“आलो वं, आलो!” बैठकीतून आवाज आला.

पुंजाजी लगबगीनं दारात आले. समोर सून दिसली तसे थबकले. तिला बटण बंद करायचंही भान राहिलं नाही. मग ते ताटावर येऊन बसले. “लसूण जराक जास्त टाक, पोरी. तिले आवडे.”

इकडे पुंजाजींच्या मागोमाग आत आलेला चंद्रभान ओट्याखाली वाकला होता. त्याचा चेहरा उजळला. “पाहा! मिक्सरचा काईच दोष नोयता. हा ओट्याचा कडप्पाच ढिला हाय. एक पाचर ठोकली का...”

त्याचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला.

“हात लावू नका!” सासरे आणि सून एकदम ओरडले.

चंद्रभाननं हात मागं घेतला. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तो पुंजाजींच्या शेजारी मांडी घालून बसला. रश्मीनं मांडणीतली आणखी एक ताटली काढली.